गोड्या पाण्याकाठचे सोडे

"भाबी, हे बघा घर! अख्खं लाकडाचं. आणि पायऱ्या उतरलं की समोर तळं!"

कॅनडातून मेहेक एकेक फोटो फोनसमोर धरत होती आणि इकडे सौदीत, जेद्द्याच्या स्वयंपाकघरात साबिरा पीठ मळता मळता बघत होती. हॉस्पिटलच्या ड्युटीवरून येऊन तिने अजून पाठ टेकली नव्हती. शेजारी सासूबाई, अम्मी, चष्मा पुसून पुसून फोनमध्ये डोकावत होत्या.

"तळं कसलं गो हे? आपल्या खाडीएवढं हाय!"

"जुलैत तिथेच राहायचं, अम्मी. तुमचा लेक मुआज होडी चालवणार, तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं. आमच्याकडे गव्हाच्या शेतांशिवाय दुसरं काही दिसतच नाही. म्हणून सगळे उन्हाळ्यात तळ्यावर पळतात." मग जरा थांबून मेहेक म्हणाली, "भाबी, तुम्हीपण आला असतात. पण तुम्हाला कुठे सुट्टी मिळते!"

"नाही ना," साबिरा हसून म्हणाली.

मिळते की नाही, ते विचारायचं तरी! पण नाही. धाकट्या जावेने स्वतःच विचारलं, स्वतःच उत्तर दिलं आणि मोकळी झाली. बारा वर्षं अम्मी साबिराकडे होत्या. त्यांची साखर तिने तपासायची, गुडघ्यांना तेल तिने चोळायचं, आणि बिल्डिंगमधल्या बायकांना अम्मी काय सांगायच्या? "माझी मेहेक कॅनडात असते!" जणू साबिरा कुठे रस्त्यात सापडली होती.

त्या दिवसापासून घरात तळ्याशिवाय विषय नाही. तळ्यावर थंडी असेल का गो? तळ्यावर जाताना मोजे घालू का गो?

"इथे दारात समुद्र आहे," साबिरा नवऱ्याला, यासीनला, म्हणाली. "चला म्हटलं की गुडघे दुखतात. तळ्यावर जायला बरे चालतात गुडघे!"

यासीन गालात हसला. "जळतेस होय गं?"

"जळायला काय झालंय मला?" असं म्हणून तिने डाव इतक्या जोरात आपटला, की वरण ओट्यावर उडालं. जळत होती ती. चांगली धडधडून जळत होती.

अम्मी निघायच्या आधी मेहेकचा फोन आला. "भाबी, एक सांगू? सोडेबिडे काही भरू नका हां. लाकडाचं घर आहे, तेही भाड्याचं. वास बसला की जात नाही."

"छे छे, नाही भरणार," साबिरा म्हणाली.

फोन ठेवला आणि फ्रीझर उघडला. दापोलीहून आलेले सोडे, उन्हात कडकडीत सुकवलेली सोललेली कोळंबी, दोन पिशव्यांत बांधली आणि अम्मींच्या शालीच्या घडीत सारली. बसू दे वास. भिंतीत मुरू दे. जाऊ दे त्या तळ्यापर्यंत!

अम्मी गेल्या. तळ्यावर पोचल्याचा फोन कधी येतो आणि मेहेक कशी नाक मुरडते, याची साबिरा वाटच बघत होती.

फोन आला. मेहेक चुलीपाशी उभी होती, केस विस्कटलेले, डोळे भरलेले.

"भाबी, सोडे तुम्ही दिलेत ना?"

"अगं, ते चुकून..."

"आठ वर्षांनी हा वास आला हो! मी आधी ओरडले, मग अम्मींनी कांद्यावर परतले, आणि मी रडतच बसले. मुआज तर पातेलं पुसून जेवला."

मेहेकने फोन बाहेर नेला. तळ्याकाठी अम्मी स्वेटर घालून खुर्चीत बसल्या होत्या.

"साबिरा, मेल्या ह्या गोड्या पाण्यातल्या माशाला चव नाय बघ! मी म्हटलं, आठ दिवसांत परत जाते. पण तू सोडे दिलेस, आता खायची आबाळ नाय. मेहेक म्हणते, थंडी पडेपर्यंत राहा. पोरगी एकटी पडते गो इथे. राहू ना?"

मागून मेहेकचा आवाज आला. "यासीनभाईंना सांगा ना, अम्मींचा सौदीचा री-एंट्री व्हिसा ऑनलाइन वाढवता येतो."

शेजारी उभ्या यासीनने फोन म्यूट केला. परत यायची मुदत वाढवली नाही तर अम्मींना लवकर यावं लागणार, हे त्यालाही कळत होतं.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला. "येत नाही वाढवता म्हणून सांगू?"

साबिराने पडद्याकडे पाहिलं. मेहेक अम्मींच्या खांद्यावर शाल नीट करत होती. ज्या शालीत सोडे दडवले होते, तीच शाल. अम्मींनी तिचा हात धरून ठेवला होता. तसा हात साबिराचाही धरायच्या त्या, गुडघ्यांना तेल लावून झालं की.

"वाढवा," साबिरा म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिच्या वॉर्डातली सुनीता सिस्टर कॅनडाला मुलीकडे निघाली होती. साबिराने फ्रीझरमधले उरलेले सोडे ताटात ओतले, निवडले, पिशवीत भरले. घरासाठी म्हणून मूठभर बाजूला काढून ठेवले.

मग अम्मींच्या रिकाम्या पलंगाकडे बघितलं, आणि तेही पिशवीत टाकले.