सोमवारची शांतता

उभं राहून राहून माझ्या पोटऱ्यांवर शिरा अशा वर आल्या होत्या की डॉक्टरीणबाईंनी विचारलंच, "तुम्ही करता काय?" म्हटलं, केस कापते. एका खुर्चीचं पार्लर आहे माझं. खुर्चीत गिऱ्हाईक बसतं, मी मागे उभी. "निदान दुपारी तरी बसत जा," त्या म्हणाल्या. सांगायला काय जातंय. दुपारी बसायचं तर दुपारी कापणारी दुसरी बाई ठेवायला हवी, आणि तिचा पगार कुठूनतरी यायला हवा.

घरी येऊन यांना सांगितलं. हे घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाले, "बघ, तुला काय सुचतंय ते."

मला भाड्याने द्यायचं घर सुचलं. आमच्या शहरात घर घ्यायचं तर सात जन्म कात्री चालवावी लागेल. पण बसमध्ये एक झोप काढली की जे गाव येतं, तिथे नवं हॉस्पिटल झालं होतं आणि नर्सेसना खोल्या मिळत नव्हत्या. ही बातमी मला माझ्या खुर्चीतच कळली. कात्री चालू असताना बाईला मान हलवता येत नाही, म्हणून ती तोंड फार चालवते.

माझे धाकटे दीर बँकेत आहेत. त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे साधा पंखासुद्धा घेत नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, जे घर रोज डोळ्यांसमोर नाही ते घेऊ नये."

"भाऊजी, तुमच्या बँकेतले पैसे तरी मला रोज कुठे दिसतात?"

हे काही मनातून पटलं नाही त्यांना.

पार्लर सोमवारी बंद असतं, म्हणून मी सोमवारी जायची. घर कधी रविवारी बघू नये, सगळं गाव झोपलेलं असतं, एवढी अक्कल मला होती. सोमवारी शाळा चालू, बाजार चालू, हॉस्पिटलच्या दारात रांगा. एजंट एकेक घर दाखवत होता आणि मी नळ सोडून बघत होते, दारं आपटून बघत होते. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या पसंत पडल्या. खिडकीखाली पत्र्याच्या शेडची रांग होती. मी खिडकी उघडून बराच वेळ कान देऊन उभी राहिले. चिमण्या सोडल्या तर आवाज नाही. पुढच्या सोमवारी परत आले तेव्हाही तेच. एवढी शांतता आमच्या घरी देखील नाही, म्हटलं, आणि साठवलेलं सगळं घालून, वर कर्ज काढून घर घेतलं. घरात दिव्यांपेक्षा माझाच चेहरा जास्त उजळला होता.

पहिली भाडेकरू नर्सच मिळाली. पंधरवड्यात तिचा फोन. "ताई, मी रात्रपाळी करते. दिवसा झोपायचं म्हटलं तर खाली पत्रा ठोकतात. मांडणीतले पेले नाचतात हो. मी दुसरीकडे बघते."

एजंटला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तिथे पत्रा कापायच्या प्रेसचे कारखाने आहेत. त्यांची आठवड्याची सुट्टी सोमवारी. सगळ्या गावाला माहीत आहे. तुम्ही विचारलंच नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण त्याचं काय चुकलं होतं? गावाला माहीत होतं, आणि मी गावची नव्हते. माझी सुट्टी आणि त्या यंत्रांची सुट्टी एकच निघाली, एवढंच.

नर्स गेली. मग एक म्हातारं जोडपं आलं आणि तेही कानात कापूस घालून गेलं. घर रिकामं पडलं, हप्ते मात्र वेळेवर. मी सोमवारीसुद्धा लोकांच्या घरी जाऊन केस कापायला लागले. बसायला म्हणून घर घेतलं आणि होती ती सुट्टीही उभ्यानं जायला लागली. रात्री पाय उशीवर ठेवून पडले की यांच्याकडे बघवत नसे. हे काही बोलत नसत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

भाऊजी बोलले. "वहिनी, विकून मोकळ्या व्हा. तो एजंट स्वतःच घ्यायला तयार आहे." भाव मी कागदावर मांडून बघितला. त्यात कर्ज फिटत होतं, माझी पुंजी बुडत होती, आणि पुढची दहा-बारा वर्षं मी उभीच राहणार होते. तरी मी हो म्हटलं. शुक्रवार ठरला.

सोमवारी रात्री कपड्यांच्या घड्या घालताना काय झालं कोण जाणे. मी यांना म्हटलं, "विकायचंच आहे, तर एकदा मंगळवारी बघते ते घर. आपण काय विकतोय ते तरी कळू दे."

भिंग बाजूला ठेवून हे म्हणाले, "मी येऊ?"

"नको. मला तिथे भांडायचंय. तुम्ही असलात की मला भांडता येत नाही."

पहाटेच्या बसने गेले. कुलूप काढतेय तोच खालून धाडकन आवाज आला. मग धाड, धाड, धाड. खिडकीची काच थरथरत होती, माझे दातही. तशीच जिना उतरले आणि शेडमध्ये शिरले. डब्यांची झाकणं कापणारी यंत्रं, आणि त्यांच्यावर सगळ्या बायकाच. कानांवर आवाज अडवायची जाड टोपणं लावलेली, हात कोपरापर्यंत काळे. मी ओरडले. कुणाला ऐकूच गेलं नाही. घसा फाटेस्तोवर ओरडले, तेव्हा एक धिप्पाड बाई मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली, मागोमाग आणखी दोघी आल्या. तिथे सगळे तिला फोरमन म्हणत.

"आता बोला," ती म्हणाली.

मी बोलले. घर, कर्ज, नर्स, पाय, सगळं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेही झालं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, मशीन तर बंद होणार नाही. आमचंही पोट आहे."

ते मलाही दिसत होतं. मी डोळे पुसले आणि सवयीप्रमाणे माझं लक्ष तिच्या केसांकडे गेलं. एक बाजू कानाच्या वर, दुसरी खाली. "हे कुणी कापले?"

"मीच. आरशात बघून. पार्लरला जायला वेळ कुठाय? दोन बस बदलून येते मी. जाताना परत दोन. या दोघी पण."

"इथेच का राहत नाही?"

ती हसली. "प्रेसवाल्यांना खोली कोण देतं? तेलाचे हात भिंतीला लागतात म्हणे. शिवाय तीन बायका, बरोबर पुरुष नाही."

मी वर माझ्या खिडकीकडे बघितलं.

"वर चला," मी म्हटलं. "घर बघा."

"आणि आवाज?"

"आवाज तुम्हीच करता ना? तुम्ही खाली असताना वर ऐकायला असणार कोण?"

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. जेवणाच्या सुट्टीत तिघी वर आल्या, हात पाठीमागे बांधून, कशालाही न शिवता. ते बघून मला इतकं वाईट वाटलं की मीच एकीचा हात धरून भिंतीवर टेकवला. "केसांच्या रंगाने माझ्या पार्लरच्या भिंती याहून काळ्या आहेत," म्हटलं. "खांद्यापर्यंत ऑइलपेंट देते. पुसला की गेला."

तिघी हो म्हणाल्या आणि शुक्रवारपर्यंत मी तिथेच राहिले. दिवसभर धाड-धाड ऐकत स्वतः रंग दिला. शुक्रवारी भाऊजी आणि एजंट कागद घेऊन आले, तेव्हा मी ब्रश धूत होते. भाडेकरू कोण ते सांगून टाकलं.

"प्रेसवाल्या बायका?" एजंट म्हणाला. "मॅडम, वर्षभरात घराची कळा जाईल. मग हा भावसुद्धा मिळणार नाही."

"वर्षाने पुन्हा रंग देईन. हात आहेत मला."

"वहिनी, आपलं ठरलं होतं," भाऊजींचा आवाज चढला.

"ठरलं होतं. मोडलं. घर माझ्या नावावर आहे, भाऊजी, आणि हप्ताही माझ्या कात्रीतून जातो. मी विकत नाही."

भीती वाटत होती. तरी दोन्ही हात कमरेवर ठेवले. भाऊजी कागद पिशवीत घालून जिना उतरले. खालच्या धाड-धाडीत त्यांना ऐकू जाणार नव्हतं, तरी मी मागून म्हटलं, "जपून जा."

त्याला आता वर्ष होत आलं. भाडं वेळेवर येतं, हप्ता त्यातून जातो. पार्लरमध्ये दुपारी एक हुशार बाई येते, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. काल दुपारी ती एका मुलीचे केस कापत होती आणि मी खिडकीशी स्टुलावर पाय वर घेऊन बसले होते. माझं जुनं गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं.

"अगंबाई, मोकळ्याच आहात की. माझे घेता का पटकन?"

"मोकळी नाही," मी म्हटलं. "बसलेय."