हौसूचा अर्थ

सुशील रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये नोकरीला, राहायला जवळच्या वरसे गावात. पण पेण-रोह्याकडच्या वाचणाऱ्या माणसांत त्याची ओळख वेगळीच होती. हैबतरावांच्या भयकथांतला कुठलाही आडवाटेचा संदर्भ सुशीलला विचारावा, आणि त्याने तो आठ-पंधरा दिवसांत शोधून द्यावा.

हैबतराव पेणचेच. मोजणी खात्यात नोकरी केली, फावल्या वेळात भुताखेतांच्या कथा लिहिल्या आणि पंधरा वर्षांपूर्वी वारले. जुन्या पोथ्यांतल्या ओळी, विसरलेल्या नाटकांतली पदं त्यांनी कथांत अशी बेमालूम मिसळली होती, की ती कुठून आली हे हुडकण्याचा काही जणांना नादच लागला. पेणला शाळेत मराठी शिकवणाऱ्या नमिताताईंनी त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. त्या गटात सुशीलने एकट्याने अकरा संदर्भ लावले होते, आणि ते खरोखर लावले होते. सुट्ट्या घालवून, धुळीने शिंकत, वाचनालयांची कपाटं उपसून.

बारावा मात्र लागेना. ‘खाजण’ या कथेत बुडून मेलेली बाई भरतीच्या वेळी खाडीतून गाते:

खारं गो पानी तुजं, खारं गो माजं डोलं,
हौसूच्या पावलाला बांध काय बोलं?

हे हौसू काय प्रकरण आहे, यावर चार महिने काथ्याकूट चालला. शेवटी नमिताताईंनी लिहिलं, ‘आता सुशीलच सांगतील. त्यांच्याशिवाय हे कुणाचं काम नाही.’

सुशीलने ते कॅन्टीनमध्ये जेवताना वाचलं. सुख वाटलं. त्याला काहीच सापडलेलं नव्हतं. तरी बोटं चालू लागली. रोह्याजवळच्या अष्टमी गावात एका घरी आपण जुनी पोथी पाहिली होती, असं त्याने लिहिलं. तीत हौसू ही खाडीतली देवता आहे, माणसाला पाय धरून ओढून नेणारी. पोथी पुढे पुरात गेली. ‘मला वाटतं’ हे दोन शब्द आधी घातले होते, ते पाठवताना काढून टाकले.

गटात नुसता आनंदीआनंद झाला. नमिताताईंनी सगळ्या संदर्भांची पुस्तिका छापली. त्यात हौसूवर दोन पानं होती, आणि खाली सुशीलचं नाव.

पुस्तिकेचा कार्यक्रम पेणच्या वाचनालयात रविवारी सकाळी होता. सुशील व्यासपीठावर होता. नमिताताईंनी हौसूचं पान वाचून दाखवलं, तशी मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. दिपिका तिचं नाव, गटात नवीनच आलेली. शेजारी तिची आजी बसली होती, काशीबाई. साठ वर्षं मिठागरात राबलेली बाई, टाचा भेगाळलेल्या.

“हे गाणं माझ्या आजीचं आहे,” दिपिका म्हणाली. “मी घरी मोठ्याने वाचत होते, तर पुढची ओळ आजीच म्हणाली.”

सगळे मागे वळले. काशीबाई बसूनच बोलल्या. “हौसू माजी भन. धाकटी. उधानात बांध फुटला तवा गेली, चौदा वर्सांची. त्ये मोजणीचं सायेब बांधावर बसत. मी मीठ वढताना गायची, तवा त्यांनी लिवून घेतलं व्हतं.” मग त्या म्हणाल्या, “ती कुनाला वढीत नव्हती वो. तीच गेली.”

नमिताताईंनी सुशीलकडे पाहिलं. “मग ती पोथी, सुशीलदादा?”

खरं सांगायला त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. सुशीलला ते वाक्य माहीत होतं. त्याच्या तोंडून निघालं ते दुसरंच. “पोथीतल्याच ओळी लोकांच्या तोंडी आल्या असतील. असं होतं. आजींनी त्या कुठेतरी ऐकल्या असतील.”

काशीबाईंनी वाद घातला नाही. पदर सारखा करत त्या एवढंच म्हणाल्या, “असंल. तुमी शिकलेली मानसं.”

दिपिका मात्र खाली बसली नाही. ती आजीचा हात धरून तिला बाहेर घेऊन गेली.

परतताना नागोठण्यापर्यंत बाइकवर सुशीलला वाटत होतं की निभावलं. पुढे मात्र ते ‘असंल’ कानातून जाईना. घरी बायकोने, वैशालीने, विचारलं, “कसा झाला कार्यक्रम?” तो “चांगला” म्हणाला आणि ताटावरून अर्ध्यात उठला. त्या म्हातारीने त्याच्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या बहिणीबद्दल, स्वतःच्या गाण्याबद्दल, तिने त्याचं खरं मानलं होतं. याची त्याला एवढी लाज वाटली की आरशासमोर दाढी करणंही नको झालं.

बुधवारी रजा टाकून तो वडखळच्या पुढे, खाडीकाठी काशीबाईंच्या गावी गेला. काशीबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. दिपिकाने त्याला पाहिलं आणि आत निघून गेली.

“आजी, ती पोथी नव्हतीच,” तो उभ्यानेच म्हणाला. “मी खोटं बोललो. आणि रविवारी सगळ्यांसमोर परत बोललो.”

काशीबाईंचे हात थांबले. “कशापायी?”

“मला ठाऊक नाही, हे सांगायची लाज वाटली.”

“माज्या हौसूला हडळ केलीस तू,” त्या म्हणाल्या. “सायबानी गोष्टीत केली, ती गोष्टच व्हती. तू तर खरी म्हून सांगितलंस.”

क्षमा मागायचं त्याने वाटेत ठरवलं होतं, पण तो शब्द आता फार हलका वाटला.

“लिवता येतंय ना? मंग बस,” काशीबाई म्हणाल्या. “सगलं लिव.”

त्यांनी सात ओव्या सांगितल्या. हौसूचे केस कसे होते, तिला खाडीच्या चिखलातली निवटी मासळी पकडायचा कसा नाद होता, तेही सांगितलं. त्याने वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा चुका काढल्या. निघताना चहा मिळाला नाही, आणि तेच त्याला योग्य वाटलं.

त्याच संध्याकाळी त्याने गटात सगळं लिहिलं. पोथी बनावट होती. कार्यक्रमातलं उत्तरही बनावट होतं. हौसू कोण, हे काशीबाईंच्या शब्दांत दिलं. तासाभराने नमिताताईंचा निरोप आला, ‘पुस्तिका परत मागवते आहे.’ निरोपात ना ‘दादा’ होतं, ना ‘सुशील’.

त्यानंतर रोह्याच्याच एका वाचकाने विचारलं, ‘मग बाकीचे अकरा तरी खरे आहेत का?’

सुशीलला हे लागलं. पण आपल्याला लागायचा हक्क उरलेला नाही, हेही त्याला कळत होतं. त्याने लिहिलं, ‘पुरावे देतो.’

पुढचे सगळे रविवार तो वाचनालयं हिंडला. मूळ पुस्तक काढायचं, पानाचा फोटो घ्यायचा, गटात टाकायचा. दहा सापडले. अकरावं एक जुनं नाटक होतं, मुखपृष्ठ फाटलेलं. त्याने ते स्वतः हातात धरून वाचलं होतं, पान क्रमांकही पाठ होता. पण वाचनालयाने जीर्ण पुस्तकं रद्दीत काढली, त्यात ते गेलं होतं.

पायरीवर बसून त्याने फोन उघडला. ‘पुस्तक गेलं’ असं टाइप केलं, वाचलं, पोथीही अशीच ‘पुरात गेली’ होती हे आठवलं आणि पुसलं. मग लिहिलं, ‘अकराव्याचा पुरावा माझ्याकडे नाही. तो धरू नका.’