मासे घासायचा दगड

मी सिहोऱ्याच्या तलावाकाठचा वालुकाश्म बोलतोय. आज एका जागी बसून असलो तरी कोट्यवधी वर्षांपूर्वी मी चक्क उडायचो!

तेव्हा मी दूरच्या वाळवंटात वाळूची टेकडी होतो. वारा आला की माझे कण टुणटुण उड्या मारत चढण चढायचे आणि माथ्यावरून पलीकडे धपकन घसरायचे. काय मजा! प्रत्येक घसरणीचा एक तिरका थर. मग दुसरी टेकडी अंगावर येऊन बसली, तिच्यावर तिसरी. चांगलाच दबलो. जमिनीत झिरपणाऱ्या पाण्यानं सोबत चुना आणि लोह आणलं, कणाला कण चिकटवला. वाळूचा खडक झाला, अंगावर तिरके तांबूस पट्टे! वरचं ओझं झिजून पुन्हा ऊन दिसलं तेव्हा नाचावंसं वाटलं, पण पाय कुठे होते?

खाणीतून फरशी होऊन ट्रकने भंडाऱ्याला आलो. पट्टे वाकडे म्हणून मिस्त्रीनं मला बाजूला फेकलं. अरे, तो वाऱ्याचा उतार होता! मासे धरणाऱ्या धनीरामनं मला सायकलवर लादून तलावावर आणलं. तेव्हापासून त्याची बायको जमुनाबाई राख टाकून माझ्यावर मासे घासते. माझ्या खरखरीत अंगावर खवलं झटक्यात निघतात आणि मला इतक्या गुदगुल्या होतात की विचारू नका.

गेल्या रविवारी त्यांच्या मुलीच्या, रीनाच्या, सासरचे पाहुणे जेवायला येणार होते. धनीरामनं माझ्या जागी चकचकीत टाइल बसवली आणि मला फोडून अंगणातल्या खड्ड्यात भरायला घण उचलला. इतक्या जुन्या सोबत्यांना सोडून पुन्हा सुटा कण व्हायचं?

तेवढ्यात जमुनाबाईनं जिवंत मरळ टाइलवर ठेवून घासायला घेतली आणि मरळ सुळकन निसटून थेट तलावात!

"अवो, आता पाव्हन्याईले टाइल वाढू का?" ती ओरडली. "मारू नोका घण! माहा गोटा आना पयले."

"पन चकचकीत दिसते ना वो," धनीराम पुटपुटला.

"मासोई बी तेच पाहून गेली!"

घण खाली आला, पण जमिनीवर. दुसरी मरळ माझ्यावर आली. पाहुण्यांनी पुन्हा पुन्हा रस्सा मागितला आणि माझे सगळे कण एकमेकांना घट्ट धरून हसत बसले.

आता एकच विनंती. जमुनाबाई, डाव्या कुशीला जरा जोरात घासा ना!