सगळ्याला ‘स्वाभाविक’ म्हणणारा फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे. तो कसा गेला ते पुढे सांगतोच. स्वभावाने मी भित्रा. टेबलाच्या कडेला ठेवलं तरी माझा जीव टांगणीला लागतो.

मला विकत घेतलं ते एका छोट्या ऑफिसने. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांसाठी व्यायामाचं ॲप तिथे तयार होत होतं आणि त्याची पहिली चाचणी माझ्यावर व्हायची. ॲप बनवणाऱ्या बाईंना त्यांची मोठी बहीण ‘धाकटे’ अशी हाक मारायची, म्हणून मीही त्यांना धाकटीच म्हणतो. तिच्या जोडीला एक चष्मेवाला होता. पावलं नीट मोजली जातात का हे बघायला तो मला पायाला बांधी आणि खुर्चीत बसून नुसता पाय हलवत राही. अशा रीतीने जागचा न हलता मी पुष्कळ चाललो आहे.

व्यायामाआधी ॲप विचारायचं, “आज काही त्रास होतोय का?” खाली घाम, धडधड, दम लागणं, दुखणं असे पर्याय असत.

“बायका आधीच शंभर काळज्यांत असतात,” धाकटी म्हणाली, “आपण आणखी घाबरवायला नको.”

मग चष्मेवाल्याने सगळ्या त्रासांना एकच गोड उत्तर लिहिलं : ‘या वयात हे स्वाभाविक आहे. छान चाललंय!’ ऑफिसात ते सर्वांना आवडलं. मलाही आवडलं, कारण भित्र्या माणसाला धीराचे शब्द कोणाचेही चालतात.

काही दिवसांनी धाकटीने मला तिच्या ताईकडे दिलं. ताई कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असे. सकाळी ती मला हातात धरून घराचा जिना चढे-उतरे आणि मी “शाब्बास!” म्हणे. इतकं कौतुक तिला घरात कोणी करत नसावं. ती माझ्याकडे बघून हसायची.

पुढे तिची बोटं गार आणि ओली लागू लागली. एके सकाळी तिने घामावर बोट ठेवलं, दम लागण्यावर ठेवलं, जबडा दुखतो म्हणत दुखण्यावरही ठेवलं. मी घाबरलो. पण ॲपला भीती कुठली? ते म्हणालं, ‘या वयात हे स्वाभाविक आहे. छान चाललंय!’

“बघ, वयाचंच आहे,” ताई स्वतःशीच पुटपुटली आणि जिना चढू लागली.

मला ओरडायचं होतं. पण माझ्या तोंडी दुसरे शब्दच नव्हते. मध्यावर ती कठडा धरून खाली बसली, मी हातातून सुटलो आणि पायऱ्यांवर आपटत खाली गेलो. हा तडा तेव्हाचा. तिथूनही मी मोठमोठ्याने सांगत होतो, “थांबू नका! थोडंच राहिलंय!”

खालच्या खोलीतून ताईच्या सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या.

“अगं, हा कोणाला थांबू नको म्हणतोय? आणि तू अशी का बसलीस?”

“काही नाही, आई. वयाचं आहे.”

सासूबाई गेल्या नाहीत. कठड्याला धरून दोन पायऱ्या वर चढल्या.

“काही नाही म्हणत मीही आयुष्य काढलंय. खरं सांग, काय होतंय?”

ताईने कठडा सोडून छातीवर हात ठेवला. मग म्हणाली, “छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतंय.”

तिला लगेच दवाखान्यात नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. ताई वाचली.

धाकटी मला घेऊन ऑफिसात परतली आणि ताईने काय काय दाबलं होतं, त्यावर ॲपने काय उत्तर दिलं होतं, ते तिने चष्मेवाल्याला दाखवलं.

“म्हणजे आता सगळ्यांना घाबरवायचं?” चष्मेवाल्याने हळूच विचारलं.

“जिथे घाबरायला हवं, तिथे हो.”

नव्या ॲपमध्ये असा त्रास सांगितला की व्यायाम बंद होतो आणि अक्षरं येतात : ‘थांबा. खाली बसा. आत्ता कोणालातरी हाक मारा.’ पण मी फार जुना झालो आहे, नवं ॲप माझ्यावर चालत नाही. नव्याने कामाला आलेल्यांना आपण पूर्वी काय लिहिलं होतं ते दाखवण्यापुरतं धाकटी मला कपाटातून काढते. जुनं ॲप अजून माझ्या आत आहे.

म्हणूनच, मित्रांनो, मला भीती वाटते. उद्या आवराआवरीत कोणी मला उचललं आणि एखाद्या मावशीच्या हाती दिलं, तर मी पुन्हा तेच म्हणेन. मला कोणाला देण्याआधी ते जुनं ॲप पुसून टाका.

आणि घरात कोणी ‘काही नाही’ म्हणालं, तर तिथून लगेच उठू नका. पुन्हा एकदा विचारा. मला ते करता येत नाही, तुम्हाला येतं.