अर्ध्यावर अडणारी झडप

या उद्योगातून आईच्या पदरात पडणार होते ते रविवारचे सहा तास. आजवर मिळत होती जेमतेम चाळीस मिनिटं, आणि तीही अशी की मुलगा गाडीच्या किल्ल्या हातातून खाली ठेवायचा नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस; फोन वाजला की पायात चपला.

आईनं तीस वर्षं गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या वेल्ड केल्या होत्या. वर्कशॉप सुटलं तरी हात स्वस्थ बसत नव्हते. मांसाचा मोठा तुकडा धुरावर मंद शिजायला सहा तास लागतात, हे तिनं कुठंसं ऐकलं आणि त्याच दुपारी तिची नजर बाबांच्या फायलींच्या लोखंडी कपाटावर गेली.

"अगं, त्यात माझी कागदपत्रं आहेत!"

"होती," आई म्हणाली.

बाबांची उभ्या जन्माची कारकुनी खोक्यांत बसून पलंगाखाली गेली. आईनं कपाटाचा रंग जाळला, पत्रा घासून उघडाबोडका केला. तळाच्या खणात निखारे, वरच्या तीन खणांचे तळ कापून जाळ्या, डोक्यावर धुराडं आणि धुराड्यात झडप. पहिल्या रविवारी बोकडाची अख्खी मांडी सकाळी दहाला आत गेली.

"कधी होईल?" मुलानं किल्ल्या खुळखुळवल्या.

"चारला. घाई केलीस तर चामडं होईल, मग माझ्या नावानं खडे फोडू नकोस."

तो थांबला. दुसऱ्या रविवारी त्यानं गळका नळ बदलला. तिसऱ्या रविवारी पत्त्यांवरून बाबांशी चक्क भांडला, आणि किल्ल्या कुठं ठेवल्या ते संध्याकाळी घरभर शोधावं लागलं. शेजारच्या शिक्षिकाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, माझ्या चादरींना असा वास लागलाय, की झोपल्या झोपल्या भूक लागते!" त्यांच्याकडे ताट गेलं.

चौथ्या रविवारी बाराला फोन वाजला. कुठंतरी लिफ्ट बंद पडली होती. मुलगा स्टूल घेऊन कपाटामागं गेला, वर चढला आणि पकडीनं झडप हलवून पाहू लागला.

"आई, ही अर्धीच उघडते गं. खाली वेल्डिंगचा टाका पडलाय, चुकून बसला असणार. कानस मारून काढतो, आग चांगली ओढ घेईल. दोन तास वाचतील."

आईनं नुसतं 'हो रे, चुकूनच' म्हणायचं होतं. बाबा तर पत्त्यांआडून तिला मान हलवून सुचवत होते.

"चुकून?" आई कडाडली. "तीस वर्षांत माझ्या हातून चुकून पडलेला एक टाका दाखव! मोजून मारलाय तो!"

मग तिचं तिलाच ऐकू आलं. ती खाली वाकली आणि गरज नसताना निखारे ढोसू लागली. कान लालबुंद. ते काही आगीनं नव्हे. मुलगा स्टुलावर तसाच, एका हातात कानस. फोन पुन्हा वाजला.

"अरे, मी अडकलोय. नाही, लिफ्टमध्ये नाही रे, आईकडे. आजचा कॉल तू बघ. तुझ्या दोन रात्रपाळ्या माझ्याकडे."

कानस खिशात घालून तो खाली उतरला. "टाका जरा वर मारला असतास, तर सहाचे सात झाले असते."

"मांडी वाळली असती," आई निखाऱ्यांकडेच बघत म्हणाली. "तेही बघितलं होतं मी."

"बघितलं असणारच," बाबा म्हणाले आणि पत्ते वाटायला लागले.

तर कुणाचं काय गेलं? बाबांचं कपाट गेलं. जुना कागद हवा झाला, की ते पलंगाखाली पालथे पडतात. शिक्षिकाबाईंच्या चादरी गेल्या, पण त्यांचं ताट चालू आहे. मुलाच्या दोन रात्री गेल्या आणि पुढचे सगळे रविवार.

आईचा गेला वेल्डिंगचा एक रॉड. तोही अर्धाच.