फिकट डाग शोधणारा जांभळा दिवा

मी एक जुना जांभळा दिवा आहे, मित्रांनो. पण उजेड पाडण्यात मी अगदीच कच्चा! खोलीतले सगळे दिवे मालवले, पडदे ओढले, की मगच माझं काम सुरू होतं. कारखान्यात मला काळसर काच बसवताना कामगार म्हणाला होता, "हा कसला दिवा! याला स्वतःचं नाकसुद्धा दिसायचं नाही." मला फार वाईट वाटलं.

पुढे मी मुलांच्या दवाखान्यात आलो. सुरुवातीची वर्षं मुलांच्या डोक्यातले नायटे पाहण्यात गेली. मला सांभाळणाऱ्या सिस्टरांचा एक नेम होता. सकाळी स्वतःचा चहा घेण्याआधी त्या माझी काच मऊ फडक्यानं पुसायच्या. "आधी तू, मग मी," असं पुटपुटायच्या. घाई असो, अंगात कणकण असो, नेम चुकला नाही. इतकी माया मिळाली की यंत्रही माणसाळतं.

एके दिवशी पाच महिन्यांची एक मुलगी आली. घरी तिला भिंगरी म्हणत. सोबत आई होती आणि कौतुकानं ओसंडणारी आजी.

"डॉक्टरीणबाई, हिचं वळण बघा! झोपेतून उठली की मला वाकून नमस्कार करते. एकदा नाही, दहा-दहा वेळा!"

"नमस्कार करून झाला की रडते का हो?"

"रडते थोडी. दमते ना बिचारी."

आईनं मोबाइलवर घेतलेलं चित्रण पुढे केलं. मान आणि हात एकदम पुढे, पुन्हा पुढे. डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. तान्ह्या बाळांची आकडी अशीही असते, हे त्यांना ठाऊक होतं.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले," आई म्हणाली.

अशा आकडीमागे कधी कधी एक आजार असतो आणि त्याची खूण कातडीवर सापडते, म्हणून मला मागवलं गेलं. डोळे अंधाराला सरावेपर्यंत सगळे थांबले. मग मी भिंगरीच्या अंगावर उजेड टाकला आणि घोटाळाच झाला. पोरीचं सगळं अंग चांदण्यासारखं चमकू लागलं! माझी तर मती गुंग झाली.

"आजी, पावडर किती लावलीत?"

"असेल अर्धा डबा. डॉक्टरांकडे यायचं तर पोरीला तशीच आणू?"

सिस्टरांना हसू आवरेना. त्यांनी कोमट पाण्यात भिजवलेल्या बोळ्यानं तिचं अंग हळुवार पुसलं. मग पाठीवर, मांडीवर लहान पानांच्या आकाराचे फिकट डाग उजळले. एक, दोन, पाच. साध्या उजेडात ते कुणाच्या ध्यानातही आले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की या आजाराला ट्यूबरस स्क्लेरोसिस म्हणतात. डागांनी काही बिघडत नाही, पण मेंदूत बारीक गाठी असतात आणि त्यांच्यामुळे आकडी येते. तपासण्या करून औषध लगेच सुरू करायचं ठरलं.

आजीनं भिंगरीला उचलून पोटाशी धरलं. "आणि मी शेजारणींना बोलावून दाखवत होते हो!"

"तुम्ही निरखून पाहिलंत म्हणून तर कळलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

औषधानं झटके थांबले. पण भिंगरी उशिरा बसली, उशिरा चालली. तीन आठवडे वाया गेले म्हणूनच का, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना. आईच्या मनातून मात्र ते जाईना.

काही वर्षांनी तिला भाऊ झाला. हा आजार भावंडांतही असू शकतो, म्हणून आठव्या दिवशी मला पुन्हा बोलावणं आलं.

"आहे का?" आईनं अंधारात विचारलं.

डाग होते, तीन. आईनं बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून घेतलं.

त्या सुमारास डॉक्टरीणबाईंचं संशोधन चालू होतं. आकडी येण्याआधीच मेंदूच्या आलेखात खूण दिसते का? दिसली, तर तेव्हाच औषध देऊन उपयोग होतो का? आईबाबांनी बाळाला त्यात घालायचं ठरवलं. दर महिन्याला त्याच्या इवल्याशा डोक्याला तारा चिकटवायच्या आणि आलेख काढायचा. चौथ्या महिन्यात खूण दिसली. झटका एकही नव्हता.

"सक्ती नाही. विचार करून सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हसतंखेळतं बाळ आहे हो. त्याला औषध कसं पाजू?" आई म्हणाली.

आजीनं तिचा हात धरला. "हसतंय तोवरच पाज, बाई. मी एकदा कौतुक करत बसले होते."

औषध सुरू झालं. पाचवा महिना गेला, सहावा गेला. आठव्या महिन्यात गडी आधाराशिवाय बसला आणि त्यानं डॉक्टरीणबाईंचा चष्मा ओढला! "एका बाळावरून काही सिद्ध होत नाही हं," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. संशोधन अजून चालूच आहे.

आता रक्ताच्या नव्या चाचण्या आल्यात. सिस्टर निवृत्त झाल्या. मी कपाटात असतो, काचेवर धूळ आहे. त्याची मला खंत नाही, मित्रांनो. काळजी आहे ती भिंगरीची. ती आता तुमच्याएवढी झाली आहे, शाळेत जाते आणि मधे थांबलेले झटके तिला आता अधूनमधून पुन्हा येतात. तुमच्या वर्गातल्या एखाद्या भिंगरीला असं झालं, तर पळू नका, हसू नका. तिला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, मोठ्यांना हाक मारा. आणि ती डोळे उघडेल तेव्हा तिच्या शेजारी बसलेले असा. कुणीतरी आपलं तिथे असलं, की तिला भीती वाटत नाही.