आमटीत कोणाचा हात

परदेशात मुलाकडे येऊन आक्कांना पाच महिने झाले होते, आणि त्यातले शेवटचे दोन त्यांनी संशयात काढले. केर सून काढायची, कपडे यंत्र धुवायचं, बाहेरचं सगळं मुलगा बघायचा. आक्कांच्या वाट्याला एकच काम उरलं होतं, स्वयंपाक. तेवढ्यापुरत्या त्या या घरात पाहुण्या नव्हत्या. आणि नेमकी त्यांच्याच आमटीतली चव गेली होती.

आधी संशय बाजारावर गेला. शनिवारच्या बाजारात त्या कोथिंबिरीचं पान चुरडून हुंगायच्या आणि जुडी परत टाकायच्या. तिसऱ्या खेपेला भाजीवालीनं टोपलीच मागे ओढली. "बिनवासाची कोथिंबीर विकतेस ती विकतेस, वर डोळे वटारतेस?" आक्का मराठीतच कडाडल्या. भाजीवालीला शब्द कळले नाहीत, सूर बरोबर कळला. आपल्याकडचा किराणा ठेवणाऱ्या दुकानदाराकडून हिंगाच्या तीन डब्या आणून झाल्या. तिन्हींत नुसतं पीठ भरलंय, असं आक्कांचं ठाम मत.

मग एक दिवस जेवताना मुलगा म्हणाला, "आई, आमटी फक्कड झालीय हं!" आक्कांना ती मचूळ लागत होती. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती मान खाली घालून भात कालवत होती. कुठंतरी पाणी मुरतंय, हे आक्कांनी तेव्हाच ओळखलं. बहिणीला फोनवर सांगूनही टाकलं, "मला स्वयंपाकघरातून उठवायचा डाव आहे हिचा."

आक्कांचा जन्माचा नेम होता, नैवेद्य दाखवेपर्यंत अन्न चाखायचं नाही. मीठ हाताच्या अंदाजानं, बाकी सगळं वासावर. नैवेद्य दाखवून त्या देवापुढे दहा मिनिटं जप करत. सून स्वयंपाकघरात एकटी असायची ती तेवढीच.

त्या रविवारी जप अर्ध्यावर सोडून आक्का पाय न वाजवता परतल्या. सून पातेल्यावर वाकली होती. तिनं अर्धी आमटी काढून टाकली, फ्रिजमध्ये मागे दडवलेलं साधं वरण उरलेल्या आमटीत ओतलं, गरम पाणी घातलं, गुळाचा खडा टाकला, चाखलं आणि आणखी पाणी घातलं.

"सापडलीस!" आक्का म्हणाल्या. "माझ्या आमटीत पाणी ओततेस?"

सुनेच्या हातातून पळी निसटली. "आई, हिंग फार होतो हो. तोंडात धरवत नाही."

"फार? या भुशाला वास तरी आहे का?" आक्कांनी डबी उघडून नाकाशी धरली. "येतोय कसला वास? सांग ना!"

मधलं दार बंद होतं. पलीकडच्या खोलीत मुलगा इस्त्री करत होता, तो तिथूनच ओरडला, "अगं, ती हिंगाची डबी बंद करा आधी! डोकं उठलं माझं."

आक्कांनी डबी आणखी जवळ नेली. नाकाला पिवळी पूड लागली. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. काही नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांना ताप आला होता, सर्दीनं आठ दिवस नाक चोंदलं होतं. सर्दी गेली ती वास घेऊन गेली होती. आक्कांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

"त्याला ठाऊक आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. मी कोणालाच बोलले नाही."

"सांगू नकोस गं. तू आता आराम कर म्हणेल. मग मी इथं दिवसभर करू काय?"

तेवढ्यात मुलानं दार उघडलं. "कोणी सांडला हिंग?"

आक्कांनी तोंड उघडलं, पण सुनेनं त्यांच्या हातातली डबी काढून घेतली होती. "मी. घाईत हात लागला."

"काय हा धांदरटपणा," तो नाक दाबून म्हणाला. "हिंग कसा हाताळायचा ते आईकडून शीक जरा."

"हो, शिकते," सून म्हणाली.